शाळेचा पैसा घराच्या किमतीवर का ठरावा?

नदीकाठ:
अमेरिकेतील सरकारी शाळांचा मोठा भार स्थानिक मालमत्ताकरावर असतो, त्यामुळे जिथे घरे महाग तिथल्या मुलांच्या वाट्याला पैसाही अधिक येतो. १९६७-६८ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियोत, जिथे सुमारे ९० टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते त्या एजवूड शाळा-जिल्ह्यात (म्हणजे स्वतःचा कर घेऊन शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात), दर १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरूनही स्थानिक करातून मुलामागे २६ डॉलर जमत; बहुसंख्य गोऱ्या अलामो हाइट्समध्ये मात्र ८५ सेंट भरून ३३३ डॉलर. पालकांनी दाद मागितली, पण १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनेला धरूनच असल्याचे ठरवले. माझ्या मते हा कर राज्याने गोळा करून मुलांच्या गरजेनुसार वाटला पाहिजे.

करदाता:
हे आकडे अर्धशतकापूर्वीचे आहेत. टेक्सासनेच १९९३ पासून श्रीमंत जिल्ह्यांच्या करातील काही भाग इतरांकडे वळवला आहे. शिवाय मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीत शाळांमधील वंशभेद मिटवण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने शाळांवर एक अब्जाहून अधिक डॉलर खर्च झाले, तरी मुलांचे गुण फारसे वाढले नाहीत. आपला कर आपल्याच शाळेत जातो, म्हणून पालक शाळा मंडळाला जाब विचारतात. ती जवळीक गमावू नये असे मला मनापासून वाटते.

नदीकाठ:
कॅन्सस सिटीतील बराच पैसा उपनगरांतील गोरी मुले शहरात यावीत म्हणून शाळा आकर्षक करण्यावर गेला. न्यू जर्सीत वेगळे घडले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये गरीब शहरी जिल्ह्यांचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणण्यास सांगितले आणि १९९८ मध्ये त्याच गरीब जिल्ह्यांतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी राज्याला बालवाडी उपलब्ध करायला लावली. पैसा कुठे लावला, यावर सारे अवलंबून असते.

अंगण:
मी न्यू जर्सीतच राहते. आम्हा मराठी कुटुंबांत घर घेताना आधी शाळा-जिल्हा पाहिला जातो, आम्हीही पाहिला. पण १९३० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशांवर लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणे दुरापास्त झाले, हे वाचल्यापासून घराची किंमत ही केवळ कष्टाची कमाई आहे असे मला म्हणवत नाही. करदाता, जाब विचारण्याचा हक्क मलाही हवा आहे. मात्र ज्यांच्या आजोबांना घरच घेऊ दिले नाही, त्यांच्या हातात तो हक्क असून मुलामागे २६ डॉलरच उरत असतील, तर त्यांनी जाब कोणाला विचारायचा?