बिवळ्याच्या पेल्यातलं पाणी: मधुमेहात जोड म्हणून घ्यावं का?

रानजाई: बाबा मधुमेहासाठी गोळ्या घेतात. त्यासोबत बिवळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी पितात. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं, ते मला पटलं नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या असनादि गणाची, म्हणजे औषधांच्या गटाची, सुरुवातच या झाडाने होते आणि तो गण प्रमेहात, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांत, सांगितलाय. नुसत्या पोथीवरही जायला नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विजयसारावरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली छापून आले. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मग गोळ्यांच्या जोडीला याला जागा का नको?

पांढरा कोट: ताई, त्याच चाचणीतला दुसरा आकडा राहिला. एचबीए१सी, म्हणजे रक्ततपासणीतला साखरेच्या सरासरीचा आकडा, ९.८ टक्क्यांवरून ९.४ वर आलं, बस्स. बहुतेकांचं ते ७ च्या आसपास आणण्यासाठी आमची धडपड असते. ९.४ वर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायाच्या नसा सगळंच पणाला लागतं. शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता. नव्याने निदान झालेला माणूस पथ्याला लागला की साखर तशीही उतरते.

रानजाई: एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. औषधाचा डोस वाढवत नेला आणि १२ आठवड्यांनी मोजलं, तर पूर्ण उतार दिसेल कसा? आणि मी गोळ्या बंद करा म्हणतच नाहीये.

पांढरा कोट: तुम्ही म्हणत नाही, पण पेला विकणारा म्हणतो. इन्सुलिन सोडून अशा पाण्यावर राहिलेला टाइप १ मधुमेहाचा (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) मुलगा मी अतिदक्षता विभागात पाहिलाय. कीटोअॅसिडोसिस झाला होता, म्हणजे रक्तात आम्ल साचलं होतं. माझा राग तिथला आहे.

कषाय: मी वैद्य आहे, तरी इथे डॉक्टरांच्या बाजूने बोलते. चाचणीत दिवसाला २ ते ४ ग्रॅम अर्क मोजून दिला होता. पेल्यात पहिल्या दिवशी पाणी कडक चहासारखं होतं, उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं. काही आठवड्यांनी तोच पेला जेमतेम पिवळट पाणी देतो. मग डोस कुठला धरायचा? आणि चरकाने स्थूल आणि कृश प्रमेही वेगळे सांगितलेत. वजन उतरलेल्या रुग्णाला असं रूक्ष, तुरट द्रव्य मी तरी देणार नाही. सरसकट सगळ्यांच्या हातात एकच पेला देणं हा आयुर्वेद नाही.

रानजाई: हे मान्य. बाबा स्थूल आहेत, गोळ्या चालूच आहेत. मग चूर्ण किंवा काढा मोजून द्यायला हरकत नाही ना?

पांढरा कोट: गोळ्या कुठल्या? नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जायची भीती कमी. सोबत ग्लिमेपिराइड असेल, तर ती गोळी इन्सुलिन वाढवून साखर फार खाली नेऊ शकते, म्हणून काढा सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगाच. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं यावर लक्ष ठेवा, घरी ग्लुकोमीटरने साखर तपासत राहा.

रानजाई: ग्लिमेपिराइडही आहे. पेला आजपासून बंद. उद्या डॉक्टरांना फोन करते, मग कषायताईंना व्यक्तिगत निरोप पाठवते.