‘टारिफफरट्राग’ या जर्मन शब्दासाठी मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

जर्मनीतील कामगार संघटनांविषयीच्या एका लेखाचे मराठी भाषांतर मी करीत आहे. त्यात ‘टारिफफरट्राग’ हा शब्द वारंवार येतो. मी त्यासाठी ‘सामूहिक सौदा’ असे योजले होते. परंतु तो शब्द बाजारातल्या घासाघिशीसारखा वाटतो, असे संपादकांचे म्हणणे आहे. ‘टॅरिफ करार’ लिहिले, तर वाचकाला आयातशुल्क किंवा विजेचे दर आठवतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

संपादकांचा आक्षेप मला रास्त वाटतो, पण कारण वेगळे आहे. ‘सौदा’ हा शब्द क्रियेवर भर देतो, तर ‘फरट्राग’ म्हणजे सह्या झालेला, दोन्ही पक्षांना कायद्याने बांधणारा दस्तऐवज. बोलणी चालू असतात तोवर मराठीत ‘वाटाघाटी’ आणि त्या संपल्यावर ‘करार’ असे दोन चांगले शब्द रुळलेले आहेत. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांतील कामगारही ‘यंदा आमचा करार व्हायचा आहे’ असेच म्हणतात, सौदा म्हणत नाहीत.

आता ‘टारिफ’विषयी. मूळ अरबी ‘तअरीफ’ म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. इटालियनमार्गे तो युरोपात पसरला तेव्हा त्याला ‘दरांची जाहीर यादी’ असा अर्थ आला. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे ‘तारीफ’ होऊन आला आणि स्तुतीच्या अर्थाने स्थिरावला. जर्मनमध्ये यादीचा अर्थ आजही जिवंत आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील धातुउद्योगाचा वेतनतक्ता पाहिला की हे पटते: एकाखाली एक 17 वेतनगट, आणि त्यांतला 7 वा, म्हणजे प्रशिक्षित कारागिराचा गट, शंभर टक्के धरून बाकीच्यांचे वेतन त्याच्या प्रमाणात ठरवलेले. कारखाना कोणताही असो, कामगार आपला गट पाहून आपले मूळ वेतन स्वतः वाचू शकतो. म्हणून ‘वेतनकरार’ हा शब्द मूळ अर्थाच्या बराच जवळ जातो.

मात्र तो सगळीकडे चालणार नाही. जर्मनीत वेतनाचा करार वेगळा असतो आणि कामाचे तास, रजा, सूचनेची मुदत अशा बाबींचा वेगळा. या दुसऱ्याला ते ‘मांटेलटारिफफरट्राग’ म्हणतात. ‘मांटेल’ म्हणजे अंगावरचा झगा, सर्वांना आत घेणारा. त्यासाठी ‘सेवाशर्तींचा करार’ म्हणावे आणि दोहोंना मिळून ‘सामूहिक करार’. हा भेद न पाळल्यास अर्थाची मोडतोड होते. फेब्रुवारी 2018 मध्ये ईगे मेटाल या संघटनेने याच राज्यात केलेल्या समझोत्यात 4.3 टक्के पगारवाढ होती आणि कामाच्या तासांविषयी एक नवा हक्कही होता. ‘जर्मनीत 28 तासांचा आठवडा लागू’ हे त्याचे भाषांतर साफ चुकीचे ठरेल, कारण आठवडा 35 तासांचाच राहिला. कामगाराला हवे असल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे 28 तासांपर्यंत काम कमी करून पुन्हा पूर्ण वेळेवर परतण्याची मुभा मिळाली, आणि त्या काळात पगारही त्या प्रमाणात कमी होणार होता.

शंका

उत्तर पटले. मग ‘उद्योगव्यापी सामूहिक करार’ असे लिहावे का? मुंबईच्या कापडगिरण्यांत 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार सबंध शहरातील गिरण्यांसाठी एकच प्रातिनिधिक संघटना असे. मराठी वाचकाला ती कल्पना नवी नाही.

उत्तर

गिरण्यांचा दाखला समर्पक आहे, पण ‘व्यापी’ या शब्दाने मला अडचण वाटते. जर्मनीतील करार उद्योगाच्या पातळीवर होतो हे खरे. तथापि तो मालकांच्या संघाचे सभासद असलेल्या कंपन्यांनाच बांधतो, जी कंपनी सभासद नाही ती सामान्यतः मोकळी असते, आणि आज तेथील जेमतेम निम्मे कर्मचारी अशा करारांच्या कक्षेत येतात. 1 जानेवारी 2015 पासून ताशी 8.50 युरोचे किमान वेतन कायद्याने ठरवावे लागले, त्यामागे ही गळती हे एक मोठे कारण होते. ऑस्ट्रियात उलट स्थिती आहे. तेथे व्यवसायमंडळाचे सभासदत्व कंपन्यांना सक्तीचे असल्याने जवळजवळ सर्वच कर्मचारी करारात येतात आणि सर्वांसाठीचे किमान वेतन सांगणारा कायदा नसूनही अडत नाही. ऑस्ट्रियाबद्दल ‘उद्योगव्यापी’ खुशाल लिहावे. जर्मनीबद्दल ‘उद्योगपातळीवरील’ लिहावे. त्यातून करार कोठे झाला एवढेच कळते, तो कोठवर पोहोचला याचा दावा होत नाही.

राहता राहिला ‘हाउसटारिफफरट्राग’, म्हणजे एकाच कंपनीपुरता करार, जसा फोल्क्सवागेनमध्ये आहे. त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. आपल्याकडचा नेहमीचा ‘कंपनी करार’ तेथे जसाच्या तसा बसतो.