ओंकारचा दगडी राजमा (घरच्या ग्रुपवरून)

ओंकार: मुग्धाताई, तुझ्या त्या मेक्सिकन बीन्सच्या फोटोने माझा रविवार खाल्ला. राजमा रात्रभर भिजवला, सकाळी कुकरला आठ शिट्ट्या दिल्या. अजून दाताखाली कचकन लागतोय.

नंदाआत्या: चिमूटभर सोडा घालायचास ना.

ओंकार: घातला. दोनदा. आता साबणासारखा लागतोय आणि वर कच्चा तो कच्चाच.

सुषमाकाकू: (गुलाबाचा फोटो) सुप्रभात, दिवस आनंदात जावो.

मुग्धा: कुकरमध्ये काय काय होतं? खरं सांग.

ओंकार: कांदा, लसूण, दोन टोमॅटो, अख्खं लिंबू पिळलं, तिखट. मेक्सिकन म्हटल्यावर आंबट-तिखट हवंच ना.

मुग्धा: तिथेच फसलास. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायलाच तयार होत नाही, मग शिट्ट्या मोजत बस. आणि मी फोटो टाकला त्यात टोमॅटोही नाही, लिंबूही नाही.

शरदकाका: बरोबर. तुरीच्या डाळीत आमसूल आधी टाकून बघ, तेच होईल. दाण्यातल्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही. शिवाय राजमा कधीचा होता? जुना माल असेल तर भिजवूनही हट्ट सोडत नाही.

ओंकार: डब्यात होता. डबा आईचा. आई काही बोलत नाहीये.

सुषमाकाकू: गेल्या दिवाळीच्या आधीचा असेल.

मुग्धा: झालं मग! थांबा, सगळं नीट लिहिते. इथे शनिवारची रात्र आहे, निवांत आहे मी.

मुग्धा: इथे मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात आल्यावर पहिले काही महिने आम्ही बाहेर बीन्स खाल्लेच नाहीत. बऱ्याच ठिकाणी ते डुकराच्या चरबीत करतात, 'मांतेका' म्हणतात तिला. विचारल्यावर कळलं, तेव्हा काकांची माळ डोळ्यांसमोर आली. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी घरी शिकवलं. नाव 'फ्रिहोलेस दे ला ओया'. नाव भारदस्त, अर्थ मडक्यातला घेवडा, बास. अर्धा किलो दाणे टेबलावर पसरून निवडायचे. आजी एका हाताने दाणे पुढे ढकलतात आणि खडा दिसला की बोलणं न थांबवता टिचकीने उडवतात. मग धुऊन मडक्यात घालायचे. दोन-अडीच लिटर पाणी, अर्धा कांदा न चिरता, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, चमचाभर चरबी, माझ्याकडे तेल. आधी खळखळून उकळायचं, मग बारीक आच. न भिजवता अडीच-तीन तास. मीठ दाणा मऊ झाल्यावर. शेवटी एपासोतेची एक काडी आणि आणखी पंधरा मिनिटं. संपलं.

नंदाआत्या: फोडणी?

मुग्धा: नाही.

नंदाआत्या: जिरं तरी?

मुग्धा: नाही गं आत्या.

नंदाआत्या: मग ते आजाऱ्याचं जेवण झालं.

मुग्धा: मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्यांदा मी आजींच्या नकळत हिंग-मोहरीची फोडणी दिली. त्यांनी एक घास खाल्ला, म्हणाल्या छान आहे, पण घेवडा कुठे गेला? खरी मजा रश्शात आहे. दाण्यांचा पिठूळपणा उतरून तो दाट होतो. वाटीत रश्शासकट वाढायचं, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि मक्याची गरम तोर्तिया. बुडवून खायचं, भाकरीसारखं.

ओंकार: एपासोते म्हणजे?

मुग्धा: एक पाला. वास रॉकेल आणि ओव्याच्या मधला. पहिल्यांदा मी जुडी परत करायला निघाले होते. पोटात वारा धरू नये म्हणून घालतात म्हणे, पण चवीलाही लागतोच. थोडाच घालायचा, जास्त चांगला नाही. तिथे नाही मिळाला तर दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढा ओवा. चव ती नाही येणार, पोट सांभाळेल.

सुषमाकाकू: मला नीलेशने पाठवलेला तो स्लो कुकर पडून आहे. रात्री राजमा टाकते, सकाळी तयार. गॅस वाचेल.

शरदकाका: वहिनी, थांबा. राजमा थेट त्यात कच्चा टाकू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. खळखळत्या उकळीने ते जातं. स्लो कुकर तेवढा तापला नाही तर राजमा मऊ होतो आणि विष राहतं, उलट वाढतंही. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास चांगलं उकळा, मग खुशाल त्या भांड्यात ठेवा.

सुषमाकाकू: बाई गं. बरं झालं विचारलं.

ओंकार: म्हणजे माझा आठ शिट्ट्यांचा चालेल?

शरदकाका: विषाच्या बाबतीत चालेल. दातांचं तू बघ.

नंदाआत्या: मीठ शेवटी का पण? मी तर आधीच घालते.

शरदकाका: तो समज जगभर आहे. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साल उलट मऊ होते. मिठाने अडत नाही, आंबटाने अडतं.

मुग्धा: काका, हे मी आजींना सांगणार नाही. त्या रागावतील.

शरदकाका: माझ्या आईचा, तुमच्या माईचा निरोप. तिला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, पोराने मधेच गार पाणी ओतलं का? आणि झाकणावर पाणी ठेवलं होतं का?

मुग्धा: माई! अगं, आजी मडक्याच्या तोंडावर पाणी भरलेली मातीची वाटी ठेवतात. झाकण तेच. रस्सा आटला की तेच तापलेलं पाणी आत, आणि वाटी पुन्हा भरायची. तू मेथीच्या भाजीवर ताटलीत पाणी ठेवायचीस, अगदी तसं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसायला लागले, आजींना वाटलं त्यांचं काही चुकलं.

शरदकाका: आई म्हणते, मग त्यांना येतंय.

शरदकाका: आणि राजमा कशाला, म्हणते, आपला वाघ्या घेवडा घे. कोरेगावचा. त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, मुंबईकर शोधत येतात. आपण त्याला अस्सल सातारी म्हणतो, पण या घेवड्याचा मूळ मुलूख अमेरिका खंड. मेक्सिकोत हजारो वर्षं मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावतात. मुग्धाच्या आजी खरं तर आपल्या आजीच्या आजी.

मुग्धा: आणि इथला 'फ्लोर दे मायो' दिसायला वाघ्यासारखाच, गुलाबी रंगावर ओरखडे. मला पहिल्यांदा बाजारात दिसला तेव्हा मी मराठीत किंचाळले. उरला की दुसऱ्या दिवशी कांद्यावर परतून ठेचायचा, ते 'रेफ्रितोस'. दोनदा परतलेला असा अर्थ नाही हं, 'चांगला परतलेला'. आणि माझ्याकडे वेळ जास्त लागतो, कारण हे शहर दीड हजार मीटरवर आहे, पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कोरेगावला लवकर होईल.

ओंकार (रात्री 9:40): झाला. माईने पाठवलेला वाघ्या, टोपात, झाकणावर ताटलीत पाणी. दोन तास वीस मिनिटं. बोटांत दाबला तर लोण्यासारखा. आईने रस्सा वाटीने प्यायला.

सुषमाकाकू: दोन तास गॅस? सिलिंडर कोण भरणार?

मुग्धा: काकू, पुढच्या वेळी भिजवून कुकरला लावा. रस्सा थोडा पातळ होईल, नंतर झाकण काढून आटवा.

नंदाआत्या: उरलाय का? फ्रिजमध्ये रश्शासकट ठेव. कोरडा ठेवलास तर साली फाटतात.

ओंकार: नाही उरला.

नंदाआत्या: फोडणी दिली होतीस ना?

ओंकार: नाही गं.