घरातल्या घरात नेमकं काय केलं की पर्यावरणाला खरंच फरक पडतो?

खिडकीतली_मनी:
गेली दोन वर्षं मी चार्जर काढून ठेवणे, ब्रश करताना नळ बंद, कापडी पिशव्या हे सगळं अगदी इमानदारीत करतेय. पिशव्याच आता अकरा झाल्यात, कारण कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की एक हातात ठेवतात. परवा भाऊ म्हणाला तू चार्जर काढतेस आणि मग गरम शॉवरखाली निवांत उभी राहतेस, दात कोरून पोट भरतं का? राग आला पण उत्तर सुचलं नाही. तर ज्यांनी खरंच काही मोजलंबिजलंय त्यांनी सांगा, जोर कुठे लावायचा? झाडे लावा झाडे जगवा टाइप उत्तरं प्लीज नकोत.

मीटरवाला:
भाऊ बरोबर बोलतोय, सॉरी :)
एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.16 वॉट-तास लागतात, गीझर कितीही स्टारवाला घ्या, यातून सुटका नाही. शॉवरमधून मिनिटाला 8 लिटर पाणी जातं असं धरू आणि ते 25 वरून 40 अंशांवर न्यायचंय, म्हणजे मिनिटाला साधारण 140 वॉट-तास, पाच मिनिटं कमी केलीत की 700 वाचले. फोन एकदा फुल चार्ज करायला 20 च्या आसपास लागतात. म्हणजे एका दिवशी पाच मिनिटं आधी बाहेर आलात तर महिनाभराचं फोन चार्जिंग निघालं! आणि नुसता लटकलेला चार्जर अर्धा वॉटही खात नाही, दिवसाचे 12 वॉट-तास पण नाही होत. तो काढायचा तर काढा, पण त्याचं पुण्य मोजत बसू नका.
त्यापेक्षा सेट टॉप बॉक्स बघा. रिमोटने बंद केला तरी बरेच जुने बॉक्स जवळपास तेवढीच वीज ओढत राहतात. दहा वॉट धरले तर वर्षाला 87 युनिट (एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास). भिंतीवरचं बटण बंद करायचं, बास.

अर्धवट_रसायन:
पिशव्यांबद्दल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा एक रिपोर्ट आहे, त्यात साधी सुती पिशवी एका प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला फक्त हवामानाचा विचार केला तरी 52 वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोनच्या थराचं नुकसान वगैरे सगळे निकष लावले तर 7100 वेळा. कापूस पिकवायला पाणी, खत, जमीन सगळंच लागतं ना. पण यावरून प्लास्टिक चांगलं असं कोणी म्हणू नका, उडून गटारात आणि समुद्रात जाणारं प्लास्टिक त्या हिशोबात धरलेलंच नाहीये. अकरा आहेत त्या फाटेपर्यंत वापरा, फाटल्या की पुसायला घ्या. बारावी कोणी दिली तर हात मागे!

उकिरडा_प्रेमी:
माझं मत, ओला कचरा. कचराडेपोत तो ढिगाखाली दबतो, हवा मिळत नाही, मग मिथेन तयार होतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. घरी हवेशीर कुजवला तर हे जवळपास टळतं. पहिल्या वेळी माझा पूर्ण पचका झाला होता, झाकण घट्ट लावून ठेवलं, आठ दिवसांत असा वास की बायकोने डबा आणि मला दोघांनाही बाहेर काढलं. चूक एवढीच की सगळं ओलंच टाकत होतो. एक थर ओला की वर दोन मुठी सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. वास आला म्हणजे आत हवा नाही, सुकं वाढवा. आणि त्याच्याही आधी, अन्न मुळात उरवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या रिपोर्टनुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं, हॉटेलवाल्यांना नावं ठेवतो आपण उगाच.

तिरका_डोळा:
सगळं गोड आहे, पण कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एकेका माणसामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब, हा शब्द घराघरांत पोचवला कोणी? बीपी या तेल कंपनीने, जाहिराती करून. तुम्ही चार्जर मोजत बसा, ते विहिरी खणतील. ओझोनचा प्रश्न लोकांनी स्प्रे कमी मारला म्हणून नाही सुटला, 1987 ला ओझोनचा थर खाणारी रसायनं बंद करायचा मॉन्ट्रियल करार देशादेशांत झाला म्हणून मार्गी लागला. (हलके घ्या.)

मीटरवाला:
@तिरका_डोळा कराराबद्दल सहमत, पण तसा पुढचा करार होईपर्यंत गीझर चालूच ठेवायचा का? आणि मोठा आकडा हवाच असेल तर गाडीचा बघा, एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलचं स्वतःचं वजन पाऊण किलोसुद्धा नसतं, बाकीचं हवेतल्या ऑक्सिजनचं. जवळच्या फेऱ्या पायी किंवा सायकलवर केल्या तर त्यापुढे हा सगळा धागा किरकोळ आहे.

खिडकीतली_मनी:
सगळ्यांचे आभार. सेट टॉप बॉक्स हात लावून बघितला, बंद असताना चक्क गरम लागला! आत्ताच बटण बंद केलं. शॉवरचं गणित भावाला दाखवणार नाहीये, आधीच फार शेफारलाय. @उकिरडा_प्रेमी सुक्या पानांऐवजी वर्तमानपत्र चालेल का?

उकिरडा_प्रेमी:
चालेल, फक्त चकचकीत रंगीत पुरवणी नको. बारीक फाडा, नाहीतर लगदा होऊन बसतो.