मदत हवी आहे: ‘मंकीज पॉ’वर बेळगावी मराठीत शॉर्टफिल्म

नमस्कार मंडळी. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ची ‘द मंकीज पॉ’ ही भयकथा आपल्या मातीत कुणीतरी पडद्यावर आणेल म्हणून खूप वाट बघितली. आता आम्ही मित्रच शॉर्टफिल्म करायचं म्हणतोय.

आधी नारायण धारपांचीच कथा घेणार होतो. पण ते २००८ला गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. जेकब्स १९४३ला गेला, म्हणजे तिथे अडचण नसावी. जाणकारांनी खात्री करून द्यावी, उगीच नोटीस नको यायला.

मूळ कथेत बाप इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाकडे पैसे मागतो. मग पोरगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि नुकसानभरपाई येते नेमकी मागितली तेवढीच, दोनशे पौंड. आम्ही त्याला उद्यमबागच्या फाउंड्रीत कामाला लावलाय. घर खानापूर भागातलं, कौलारू, बाहेर मुसळधार पाऊस. आईच्या हट्टापायी पंजाकडे पोराला परत मागतात आणि शेवटी दार वाजतं, पण दाराबाहेर कोण आहे ते जेकब्स दाखवत नाही. आम्हीही दाखवणार नाही. मेकअपवाला मित्र यावरून रुसलाय, रुसू दे.

तर जांबोटी-कणकुंबीकडे कुणाचं जुनं घर रात्रीच्या शूटिंगला मिळेल का? जाड लाकडी दार आणि आतून अडसर हवाच. आईच्या भूमिकेसाठी साठीच्या आसपासच्या, आपली बेळगावी मराठी सहज बोलणाऱ्या बाई हव्यात. नाटकी पुणेरी नको. आणि पावसाच्या आवाजात संवाद स्वच्छ कसे रेकॉर्ड करायचे, की नंतर डबिंगच बरं? मानधन फार नाही, जेवण मात्र पोटभर.