मोहर्लीत एक रात्र की दोन?

कुणीतरी म्हटलंय की नाशिकहून ताडोबाच्या व्याघ्र प्रकल्पाला गेलं तर मोहर्लीत, म्हणजे तिथल्या प्रवेशद्वाराजवळच्या गावात, एक रात्र पुरे. मला नाही पटत. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागलात तरी नागपूर आणि पुढचा चंद्रपूरकडचा रस्ता यात अख्खा दिवस जातो. त्या दुपारची सफारी धरूच नका. सफारी रोज सकाळी एक, दुपारी एक. दोन रात्री राहिलात तर मधल्या दिवसाच्या दोन्ही आणि निघायच्या सकाळची, अशा तीन पदरात पडतात. वाघ काही आपल्या सोयीने यायचा नाही! फक्त मंगळवार मध्ये येऊ देऊ नका, कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो. तिसरी रात्र हवीच असेल तर मोहर्लीजवळच्या अगरझरीच्या बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातल्या, सफारीसाठी घ्या. लहान मुलं सोबत असतील तर मात्र दोनच रात्री बऱ्या, भर दुपारी ती कंटाळतात.