मदत हवी आहे: मनिलात ‘पो’ कुणाकुणाला लावायचं?

भाची मेडिकलसाठी मनिलाला निघाली आहे, राहणार एका आजींच्या घरी. तिथल्या तागालोग भाषेतलं जुजबी पाठ केलंय, आदराचा ‘पो’ लावून: सकाळी ‘मागांदांग उमागा पो’, आभाराला ‘सालामात पो’, दारातून हाक मारायला ‘ताओ पो’, जीपनी (तिथली शेअर गाडी) थांबवायला ‘पारा पो’. आजींना ‘का’ नाही, ‘कायो’ म्हणायचं, हे आपल्या तू-तुम्हीसारखंच, त्यामुळे लगेच पटलं.

अडतंय पुढे. वॉचमन, दुकानदार, ट्रायसिकलवाला यांनाही ‘पो’ लावतात, की नुसतं ‘कुया’ (दादा), ‘आते’ (ताई) म्हटलं की भागतं? दोन-तीन वर्षांनी मोठ्या सीनियरला ‘पो’ म्हटलं तर त्याला म्हातारं केल्यासारखं वाटेल का?

आणि ‘मानो’चं काय? मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावतात तो. परदेशी मुलीने पहिल्याच दिवशी ‘मानो पो’ म्हणून पुढे व्हावं, की आजींनी हात देईपर्यंत थांबावं? आमच्या घरी वाकून नमस्काराची सवय. तो तिथे करू नकोस, एवढंच मी सांगितलंय.

तिकडे राहिलेल्यांनी रोजच्या वापरातलं सांगा, पुस्तकी नको. दक्षिणेकडच्या दावाओ शहरवाल्यांचंही चालेल, पण तिकडे बिसाया ही वेगळी भाषा बोलतात, तेव्हा गाव नक्की लिहा.